गोदाबाईचा मळवट

...अंगण झाडून झालं होतं, नळाचं पाणी भरून झालं होतं, भाकरी फडक्यात बांधून तयार होत्या. आणि गोदाबाईचा पत्ता नव्हता. सोयाबीनच्या निंदणाला आम्ही दोघी बरोबरच जातो... ती मजुरीने, मी माझ्या शेतात.

ती आली तेव्हा ऊन अंगणभर झालं होतं. मी तिला नको तितकं बोलले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. "आज मरीआईचा गाडा हाये ना बाई, डोकं धुवून आली," एवढंच म्हणाली.

साखरखेर्ड्याजवळचं आमचं गाव. आषाढात मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेतात, डफडं वाजतं आणि गोदाबाईच्या अंगात येतं. नाचत नाचत ती ज्या दारापुढे थांबेल, तिथल्या सवाष्णीने तिच्या पायांवर पाणी घालायचं आणि मळवट भरायचा, म्हणजे कपाळभर कुंकू. एरवी तिला ओसरीच्या खाली बसवणारी माणसंही तेव्हा तिच्या पायाशी वाकतात.

माझी शाळा चौथीपर्यंतच. पण हे गेल्यापासून सहा वर्षांत वाचनालयातली बरीच पुस्तकं वाचून काढली. अंगात येणं हा मनाचा खेळ असतो, हे वाचून मला पटलंही होतं. म्हणून त्या संध्याकाळी गाडा निघाला तेव्हा मी लांब, भिंतीला टेकून उभी होते. शिवाय विधवेचं तिथे काम नसतंच.

दुसऱ्याच दिवशी मोठ्या जाऊबाईंच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. "काकू, ओटी तुम्ही पण भरा हं," असं ती पोर मला म्हणाली होती. मी हसून विषय बदलला होता. अशा कार्यात माझी जागा स्वयंपाकघरात, हे मला कुणी सांगावं लागत नाही.

गोदाबाई नेमकी जाऊबाईंच्या दारापुढे थांबली. दर वर्षीचा मान त्यांचाच. त्या ताट घेऊन पुढे झाल्या, तर हिने हाताने ताट बाजूला सारलं. केस मोकळे, पाय डफड्यावर चालूच... आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"तिच्या हातानं भर!"

डफडं थांबलं. माझे थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान, हात जोडून म्हणाले, "माय, ते कशी भरन? ते तर..."

"मले शिकवतं का बे?"

एरवी त्यांच्यापुढे ती डोक्यावरचा पदरही ढळू देत नाही.

देवीला नाही कोण म्हणणार? जाऊबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. सहा वर्षांनी कुंकवाला बोट लागलं. सवय गेलेली, निम्मं तिच्या नाकावर सांडलं. पाया पडताना दिसलं, भेगांमध्ये माझ्याच शेतातली माती होती.

तेव्हापासून माझं डोकं चालेना. मागितलं कोणी... देवीने की गोदाबाईने? सकाळचं बोलणं तिने असं फेडलं का? पण मग हे असं, कुंकू देऊन?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर आली. शेतात मी विचारलंच. "मले काई आठवत नाई बाई," म्हणाली आणि खुरपं चालवत राहिली. दोन तास झाले असतील... मग एकदम हसली. "पर एवढं कुंकू काऊन ओतलं वो? नाक अजून लालच हाये."

कोणी सांगितलंही असेल तिला. नसेलही. मला अजून कळलेलं नाही, आणि कोणत्या पुस्तकात सापडेल असंही वाटत नाही.

दुपारी मी डोहाळजेवणाला गेले. स्वयंपाकघरात गेले नाही, बायकांमध्ये बसले. माझी पाळी आली तेव्हा सुनेला कुंकू लावलं, तिची ओटी भरली.

पंगत बसली तेव्हा गोदाबाईचं ताट ओसरीच्या खाली वाढलेलं दिसलं. मी माझं ताट उचललं, खाली उतरले आणि तिच्या शेजारी बसून जेवले.