एक नंबरवरची गाडी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका, म्हणजे आमच्या काकांइतका, काळजी करणारा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर दुसरा जन्मला नसेल. लग्नाला गेले की आधी मांडवाची दारं मोजत. मी लातूरला क्लासला होतो, तर मार्कांची चौकशी कधी नाही. "पोरं किती बसतेत रे? आन् दारं किती?" मी म्हणालो, "तीनशे पोरं, दार एक." हातातली भाकरी खाली ठेवली त्यांनी. दुसऱ्या दिवशी लातूरला येऊन, सरांच्या पुढ्यात दोन तास बसून, मागचं बंद शटर उघडून घेतलं तेव्हाच परतले. वर्गातली पोरं मला महिनाभर 'शटर' म्हणत. पण हसू कसं? भूकंपात औशाकडच्या त्यांच्या घरातली माणसं एकाच दाराकडे धावली होती. थोरले भाऊ त्या दारातच गेले.

काका नांदेडला रेल्वेत होते. मोठा मेळा भरला की जादा गाड्या सोडायचं काम त्यांच्याकडे. पहिली गाडी हलल्याशिवाय दुसरीची तिकिटंच विकू देत नसत. मेळ्याचे आठ दिवस ते चहावर जगत आणि मावशी त्यांच्या काळजीत अर्धी होई.

एका मेळ्याच्या शेवटच्या दिवशी मी लातूरला परत निघालो होतो. एक नंबरचा फलाट जादा स्पेशल गाडीची वाट बघणाऱ्या बायकापोरांनी खच्चून भरलेला. मी काकांच्या खोलीत निरोप घ्यायला गेलो, तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मागून एक्स्प्रेस येतेय, तिला एक नंबर द्या, स्पेशल चार नंबरवर घ्या, तशी घोषणा करा. मधे एकच अरुंद लोखंडी पूल. जन्मभर 'हाव साहेब'पलीकडे न गेलेले काका दोन्ही हातांनी फोन धरून म्हणाले, "न्हाई साहेब. गाडी हलवा, माणसं हलवू नका." पलीकडचा आवाज चढला. काकांचे कान लाल झाले. "एक्स्प्रेस बाहेर उभी करा. माझं नाव लिहून घ्या," म्हणाले आणि घोषणेच्या माईकवर पंजा ठेवून बसले.

गाडी चाळीस मिनिटं उशिरा, पण एक नंबरवरच आली. "झोपा काढून राहिले का?" म्हणत लोकांनी काकांना शिव्या घातल्या. काका हात जोडून सगळ्यांना चढवत होते. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. त्यामुळे काय टळलं, ते कुणाला कळलंही नाही. कागदावर उरला फक्त उशीर. काकांकडे खुलासा मागितला गेला. त्यांनी एकच ओळ लिहिली, "सर्व प्रवासी सुखरूप गेले."

बदली झाली, इस्लापूरकडच्या एका लहानशा स्टेशनावर. मी एकदा भेटायला गेलो. दिवसाला दोन गाड्या, चढणारी चार माणसं. तिथंही काका प्रत्येकाच्या खिडकीशी जाऊन सांगत, "पोचल्यावर कळवा हं." लोक हसून मान डोलवत. मलाही तेच म्हणाले. मी "हाव काका" म्हणालो, गाडी सुटली, वळणावर त्यांची हिरवी झेंडी दिसेनाशी झाली.

मी पोचलो. परीक्षा होती, गडबड होती. कळवायचं राहूनच गेलं.