चार वाजता पुसलेला फळा

ती घटना मी विसरलेलो नाही. ती विसरावी, असे मला नोकरीत असताना एका वरिष्ठांनी आणि निवृत्तीनंतर दोन मित्रांनी सुचवले. त्या तिघांनाही मी लेखी उत्तर दिले आहे. हे चौथे उत्तर जरा मोठे आहे आणि ते कोणा एकाला उद्देशून नाही.

घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातील एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा गुन्हे निरीक्षक होतो. महापालिकेची मुदत संपली होती, निवडणुका लांबत चालल्या होत्या आणि नावामागे 'माजी' लावून घ्यायला एकही नगरसेवक तयार नव्हता. लोकांना आपला विसर पडेल या धास्तीने जो तो चौकाचौकांत स्वतःचा फोटो टांगत होता. आमच्या हद्दीतल्या अशाच एका माजी नगरसेवकांना सगळे 'भाऊ' म्हणत. त्यांच्या वाढदिवसाचा भलामोठा बॅनर एका अभ्यासिकेच्या खिडक्यांवर लागला. ही अभ्यासिका वस्तीतल्या बौद्ध कुटुंबांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधली होती. बॅनरमुळे आत भरदिवसा दिवे लावावे लागत होते.

बॅनरवर वरच्या बाजूला महापुरुषांच्या प्रतिमा आणि खाली हात जोडलेले भाऊ. या रचनेचा भक्तीशी काही संबंध नसतो. प्रतिमा असलेल्या बॅनरला पालिकेचा कर्मचारी हात लावत नाही, एवढाच तिचा उपयोग.

एका रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास ठाण्यासमोर दीडेकशे माणसे जमली. बॅनर फाडला, महापुरुषांची विटंबना झाली, अशी त्यांची तक्रार होती. ज्या तरुणीने त्या बॅनरविरुद्ध पालिकेकडे दोनदा लेखी अर्ज केले होते, तिनेच पावणेसहा ते सहाच्या दरम्यान ब्लेडने तो फाडला, असे फिर्यादीत म्हटले होते. दोन प्रत्यक्षदर्शी हजर होते. भाऊंच्या संपर्क कार्यालयाच्या कॅमेऱ्यातले मिनिटभराचे चित्रण होते. त्यात ती बॅनरसमोर हात उंचावून उभी दिसत होती. एका स्थानिक वृत्तवाहिनीवर, म्हणजे एक पत्रकार आणि त्याचा मोबाइल एवढाच जिचा पसारा, फाटलेल्या बॅनरची दृश्ये तोवर हजारो लोकांनी पाहिली होती.

मी जागेवर जाऊन पंचनामा केला. बॅनरवर चार काप होते. चारही प्रतिमांवरून गेले होते. भाऊंच्या चेहऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. मी कापांची लांबी इंचांत मोजून लिहिली आणि त्याचा अर्थ काय, याचा एक क्षणही विचार केला नाही. भाऊंवर राग असलेली बाई भाऊंना सोडून प्रतिमा का फाडील, हा प्रश्न शिकाऊ उपनिरीक्षकालाही पडायला हवा होता. माझी तेव्हा एकतीस वर्षे नोकरी झाली होती.

बाहेर घोषणा चालू होत्या. गुन्हा दाखल झाला. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करता येत नाही आणि या गुन्ह्यात त्याची गरजही नव्हती, म्हणून मी नोटीस काढून तिला सकाळी बोलावले. इथपर्यंत कायद्याने वागलो. मग पायरीवर त्या पत्रकाराने माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि मी म्हणालो, "संशयित महिलेविरुद्ध ठोस पुरावे हाती आले आहेत." जमाव पांगावा म्हणून बोललो. जमाव पांगला. वाक्य राहिले.

सोमवारी ती वडिलांबरोबर आली. वय सत्तावीस. चेंबूरला एका शिकवणी वर्गात शिकवून उरलेल्या वेळात त्याच अभ्यासिकेत बसून तिने स्पर्धा परीक्षा दिली होती. एका शासकीय खात्यात तिची निवड झाली होती. रुजू व्हायला चारित्र्य पडताळणीचा दाखला तेवढा बाकी होता आणि तो अर्ज आमच्याच ठाण्यात, मी बसतो तिथून दोन टेबलांपलीकडे पडला होता.

"हात वर का केला होता?" मी विचारले.

"फोटो काढत होते, साहेब. बॅनर आधीच फाटलेला होता. तिसऱ्या अर्जाला जोडायला."

"फाडलेला बॅनर दिसल्यावर तुम्हाला अर्ज सुचला?"

"मला नेहमी अर्जच सुचतो. फाडायचा असता तर आधीचे दोन कशाला केले असते?"

वडील तिला गप्प बसवत होते. "साहेब, पोरगी जरा फटकळ आहे हो, मनात काही नसतं तिच्या."

"पप्पा, तुम्ही माफी नका मागू ना. मी काही केलेलंच नाही."

रविवारी सकाळपासून पाचपर्यंत आपण चेंबूरला वर्गावर होतो, तिथून थेट वस्तीतल्या एका मयताला आलो, असेही तिने सांगितले. मी ते लिहून घेतले. पण फिर्यादीतली वेळ पावणेसहाची होती. पाचपर्यंत चेंबूरला असणारी बाई पावणेसहाला वस्तीत पोहोचते. म्हणून मी तो मुद्दा बाजूला ठेवला.

मंगळवारी सकाळी ठाण्यात एक सत्तरीचे गृहस्थ आले. अभ्यासिकेच्या फाटकाशेजारी तिथल्या मंडळाचा वार्ताफलक आहे. रोज सकाळी त्यावर रंगीत खडूंनी सुविचार आणि परिसरातल्या बातम्या लिहिणारे हे तात्या. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवत. मूळचे मालवणकडचे. ठाणे अंमलदाराने त्यांना तासभर बाकावर बसवून ठेवले होते.

"साहेब, त्या मोबाइलवरच्या बातमीत माझो फळो दिसता," ते म्हणाले.

"बरं, मग?"

"मगे काय? तो सकाळचो फळो आसा. आमच्या वस्तीत कोण गेला की मी फळो सगळो पुसतंय. सुविचार नाय, रक्तदान नाय, कायएक ठेवूचा नाय. फक्त गेलेल्याचा नाव आणि अंत्ययात्रेची वेळ. वस्तीतली सुईण आजी रविवारी तीन वाजता गेली. चार वाजता माझो फळो पुसून झालेलो. तुमचो तो पत्रकार सांगता, सा वाजता बॅनर फाडलो. मगे फाटक्या बॅनराच्या बाजूक माझो सुविचार कसो?"

मी ती बातमी पुन्हा लावली. फाटलेला बॅनर आणि त्याच्या उजवीकडे वार्ताफलक. हिरव्या खडूत सुविचार, खाली लाल खडूत रक्तदान शिबिराची सूचना. निधनाचा एक शब्दही नाही. म्हणजे बॅनर चारच्या आधी फाटलेला होता आणि चारच्या आधीच पत्रकाराने त्याचे चित्रणही करून ठेवले होते. त्या वेळी ती मुलगी चेंबूरला वर्गावर होती. हवालदाराला पाठवून मी तिथले हजेरीपत्रक मागवले. तिची सही आणि चाळीस विद्यार्थ्यांची हजेरी होती. रविवारपासून ते तिथेच होते. मी मागवले नव्हते.

मी दोन्ही प्रत्यक्षदर्शींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. खोटे बोलणाऱ्याला मुख्य गोष्ट पाठ असते. तिच्या आजूबाजूचे जग त्याने पाठ केलेले नसते. म्हणून मी बॅनरचे नावच काढले नाही.

"तू पाच ते सव्वासहा तिथेच उभा होतास ना?" मी पहिल्याला विचारले.

"हो साहेब. फाटकासमोरच. हललोच नाही."

"सहा वाजता रस्त्यावर काय चाललं होतं?"

"काय नाय साहेब. एकदम शांत. रविवार ना."

सहा वाजता त्या फाटकासमोरून आजींची अंत्ययात्रा गेली होती. ही बाई चाळीस वर्षे त्या वस्तीतल्या बायकांची बाळंतपणे करत आली होती. अर्धी वस्ती तिच्या हातांवर जन्मलेली. रस्ता माणसांनी भरला होता. वाहतूक वळवायला माझेच दोन शिपाई उभे होते. दुसऱ्या साक्षीदारालाही मी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, क्रिकेट चालले होते.

दोघे राहायला महामार्गापलीकडे. ज्या वस्तीचे आपण वाली म्हणवतो तिथे कोण गेले, हे भाऊंना ठाऊक नव्हते, त्यांच्या माणसांना ठाऊक नव्हते, आणि ते कळण्याची जी एकमेव जागा होती त्या फळ्याकडे त्यांच्यापैकी कोणी मान वळवून पाहिले नव्हते. गुन्हेगार ठसे पुसतात, फोन बंद ठेवतात. यांना फक्त शेजारच्या मयताची चौकशी करायची होती. तेवढेच त्यांच्याकडून झाले नाही.

पत्रकाराला नोटीस देऊन बोलावले.

"सोर्स सांगता येणार नाही, साहेब. पत्रकारितेचं तत्त्व आहे."

"सोर्स नको. वेळ सांगा. मूळ चित्रण मोबाइलमध्ये असेल ना?"

तत्त्व तिथेच संपले. पंचांसमक्ष मोबाइल पाहिला. चित्रणाची वेळ दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. अर्ध्या तासात पहिला साक्षीदार रडकुंडीला आला. "साहेब, वाढदिवस तर होऊन गेला होता. बॅनर तसाही उतरवायचाच होता. भाऊंच्या ऑफिसातनं सांगितलं, उतरवताय तर असा उतरवा." ती बॅनरसमोर हात उंचावून उभी राहिलेली कॅमेऱ्यात दिसली आणि आयते सावज मिळाले, असेही त्याने सांगितले. ऑफिसातल्या कॅमेऱ्याचे बाकीचे चित्रण मी मागितले, तर ते 'आपोआप पुसले गेले' होते.

त्याच संध्याकाळी अभ्यासिकेच्या त्याच खिडक्यांवर आजींना श्रद्धांजली वाहणारा नवा बॅनर लागला. त्यात भाऊंचा फोटो आजींच्या फोटोपेक्षा मोठा होता.

पोलीसकथा इथे संपवण्याची पद्धत आहे. माझी शरमेची गोष्ट इथून पुढे आहे.

तपासाअंती गुन्हा घडल्याचे दिसले नाही तर न्यायालयात समरी अहवाल जातो. फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर 'ब' समरी. फिर्याद खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून झाली, असे असेल तर 'क'. मी 'ब' लिहून वरिष्ठ निरीक्षकांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा काढला.

"'क' कर."

"सर, फिर्याद सरळसरळ खोटी आहे. पुरावा आहे."

"अरे, 'ब' केलीस तर खोट्या फिर्यादीबद्दल भाऊंच्या माणसांवर कारवाई करावी लागेल. पुन्हा ती गर्दी दारात. मुलगी दोन्हीकडून सुटतेच ना? मग? तुझी रिटायरमेंट कधी आहे?"

"सात महिन्यांनी."

"मग कशाला डोक्याला ताप? 'क' कर आणि मोकळा हो."

कायद्याने तपासी अधिकारी मी होतो. माझे मत माझ्या सहीने जाणार होते. मी तो अहवाल फाडला आणि 'क' लिहिली. न्यायालयाने ती मंजूर केली. भाऊ, पत्रकार, दोन साक्षीदार, सगळे गैरसमजाचे धनी ठरले. पत्रकाराने बातमी काढली नाही. परिसरात खुलासा एकाच ठिकाणी प्रसिद्ध झाला, तो तात्यांच्या फळ्यावर: बॅनर आमच्या मुलीने फाडलेला नाही, पोलिसांची खात्री झाली आहे. एक दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी वस्तीत कोणी वारले आणि तात्यांनी आपल्या नियमाप्रमाणे फळा पुसला.

दोन महिन्यांनी ती एकटी ठाण्यात आली. हातात तिच्या खात्याचे पत्र होते. पडताळणी अहवालात दाखल गुन्हा आणि 'क' समरी अशी नोंद असल्याने अहवाल सुस्पष्ट मानता येत नाही. रुजू होण्याची मुदत संपली असून प्रतीक्षा यादीतील पुढील उमेदवारास नियुक्ती देण्यात आली आहे.

"साहेब, 'क' म्हणजे नेमकं काय हो?"

मी सांगितले. खरीही नाही, खोटीही नाही.

"म्हणजे मी फाडला की नाही फाडला?"

"तुम्ही नाही फाडला."

"तुम्हाला माहितेय ना?"

"हो."

"मग तसं लिहा ना, साहेब."

मी तिला म्हणालो की एकदा मंजूर झालेल्या अहवालात मला फेरफार करता येत नाही, उच्च न्यायालयात दाद मागता येईल, वकील पाहून देतो. हे सगळे कायद्याने बरोबर होते. ती पत्राची घडी घालून उठली. ती सध्या चेंबूरच्या त्याच वर्गावर शिकवते. तिच्या हाताखालची दोन मुले मागच्या वर्षी नोकरीत रुजू झाली, असे तात्यांकडून कळते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे व्याख्यानांत विचारतात. बंदूक, जमाव, बदली, यांची मला भीती वाटली नाही, असे मी आयुष्यभर समजत आलो. ते खोटे होते. सात महिन्यांची शांतता हवी म्हणून मी एका अक्षराने एका मुलीचा हक्क काढून घेतला. वरिष्ठांनी दबाव आणला, हे खरे आहे. पण सही त्यांची नव्हती.

निवृत्त झाल्यापासून मी पत्रे लिहितो. तिच्या खात्याला, आयुक्तालयाला, पालिकेला, त्या वाहिनीला. बहुतेकांची पोचही येत नाही. वाहिनीवर ती बातमी अजून आहे. पायरीवर उभा राहून 'ठोस पुरावे' म्हणणारा मीही तिच्यात आहे. अभ्यासिकेच्या खिडक्यांवर सध्या भाऊंच्या मुलाचा बॅनर आहे.

तिने मागितलेले वाक्य आज लिहितो. त्या मुलीने बॅनर फाडला नव्हता, फिर्याद जाणूनबुजून खोटी होती, आणि हे मला अहवालावर सही करण्यापूर्वी माहीत होते. आता या वाक्याखाली शिक्का नाही. होता, तेव्हा मी ते लिहिले नाही.