दुसऱ्या मजल्याचं वायफाय

लालबागच्या चाळीत, माझ्या माहेरी, वायफाय आलं ते भावजयीची नोकरी वाचवायला. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे ते ज्या ज्या कामांसाठी वापरलं गेलं ती पाहून कुणाचाही वेगळा समज व्हायचा.

माझी भावजय परळच्या एका कंपनीत हिशेबाचं काम बघायची. लग्नाच्या आधीपासूनची नोकरी. ऑफिस घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं, त्यामुळे घर आणि नोकरी दोन्ही तिनं कधी कुणाला जाणवू न देता सांभाळलं. मग एकाच सुमारास दोन गोष्टी झाल्या. कंपनीनं ऑफिस खाडीपलीकडे नेलं, आणि बाबांना अर्धांगाचा झटका आला. बाबांची डावी बाजू लुळी पडली. त्यांना उठवणं, बसवणं, मोरीपर्यंत नेणं आईच्या एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. भाऊ महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. मी दादरला, शिवाजी पार्कच्या बाजूला राहते, पण माझीही नोकरी चालू आहे, त्यामुळे मी म्हणजे सुट्टीच्या दिवशी येऊन सल्ले देणारी.

कंपनीनं भावजयीला घरून काम करू द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. महिनाअखेरीचा एक संपूर्ण दिवस तिनं घरून काम करून दाखवायचं. बाहेरगावच्या शाखांची माणसं दिवसभर तिच्याशी जोडलेली असणार. मध्ये लाइन तुटली, आवाज अडकला, तर घरून काम विसरायचं. मग रोज खाडीपलीकडे जायचं, नाहीतर राजीनामा द्यायचा. जाणं तर शक्य नव्हतं, म्हणजे राजीनामाच.

हे ऐकून माझा पारा चढला. इतकी वर्षं राबलेल्या बाईची परीक्षा घेतायत म्हणून मी कंपनीला यथेच्छ शिव्या घातल्या. भावजयीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी नेट तर लावू या, ताई. तिला नोकरी सोडायची नव्हती. त्या घरात सगळं सगळ्यांचं आहे, तिचं म्हणावं असं ते एक काम होतं. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण नव्या ऑफिसचा विषय निघाला की ती घास तसाच ताटात ठेवायची, त्यावरून मला कळलं.

नेटवाला आला आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या वर राउटर ठोकून गेला. दोनच खोल्या आहेत, सगळीकडे येईल, म्हणाला. बाहेरच्या खोलीत बाबांची कॉट, टीव्ही आणि दिवसभर येणारी-जाणारी माणसं. भावजयीला बसायला जागा म्हणजे स्वयंपाकघर, तिथल्या खिडकीजवळ. आणि नेमकं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की वायफाय गायब. मी लगेच नेटवाल्याला फोन करून झाडायला निघाले होते. भावजय म्हणाली, थांबा जरा, आधी अडतंय कुठे ते बघू.

तिची काम करायची एक पद्धत आहे, ती मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली. हिशेब जुळत नसला की ती एका वेळी एकच नोंद तपासते, बेरीज करते, मग दुसरीकडे वळते. इथेही तेच. फोन हातात घेऊन ती उंबऱ्यात उभी राहिली, मग एक पाऊल आत, मग डावीकडे, मग खाली बसून. प्रत्येक ठिकाणी फोनवरच्या रेघा बघायची. शेवटी तिनं आईच्या मांडणीकडे बोट केलं. दोन खोल्यांमधल्या भिंतीला लागून, खालपासून वरपर्यंत भरलेली आईची स्टीलची मांडणी. परातींची रांग, तांब्यांची रांग, एकात एक बसणारे डबे, सगळं घासून लखलखीत. एवढं स्टील मध्ये उभं असल्यावर वायफाय आत येणार कुठून? मी असते तर मांडणी हलवा म्हणून आईशी भांडण काढलं असतं. भावजयीनं राउटरच हलवला. दोन खोल्यांमधल्या दाराच्या वर झरोका आहे, त्यात तो बसवला. तिथून तो दोन्हीकडे बघायला लागला. मांडणीतली एक वाटीसुद्धा हलली नाही.

मग तिनं फोनवर राउटरचं पान उघडलं आणि वायफायला नाव दिलं. पासवर्ड मात्र राउटरच्या खाली चिकटवलेला होता तोच राहू दिला. आधी दोन दिवस नीट चालतंय का बघू, मग बदलू, असा तिचा हिशेब. एका वेळी एकच गोष्ट.

शनिवारी रंगीत तालीम होती. भावजयीच्या ऑफिसातली एक मैत्रीण दुपारी तिला व्हिडिओवर जोडून बघणार होती. मी मुद्दाम गेले होते. पहिली काही मिनिटं झकास गेली. मग मैत्रिणीचा चेहरा तोंड उघडं असतानाच थांबला, आवाजाचे तुकडे पडायला लागले आणि लाइन गेली. पुन्हा जोडली, पुन्हा गेली. भावजयीचा चेहरा उतरला. परीक्षा सोमवारी होती.

मी डोकं शांत करायला बाहेर गॅलरीत आले. पाहते तर आमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना निम्मा मजला बसलेला. कुणी पाटावर, कुणी प्लॅस्टिकच्या स्टुलावर, कुणी कठड्याला टेकून. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनवर क्रिकेटची मॅच. शेजारच्या खोलीतले काका माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाले, "तुमचं नेट एक नंबर हां. अजिबात अडकत नाय."

पासवर्ड कसा मिळाला, हे त्यांनी अगदी मोकळेपणानं सांगितलं. आईनं सांगितलं होतं, खाली चिकटवलेला आहे, बघून घ्या. मग जो तो येऊन, स्टूल घेऊन, झरोक्यातला राउटर उलटा करून त्या चिकटपट्टीचा फोटो काढून गेला होता. काहींनी तर उलटा केलेला राउटर पुसून परत ठेवला होता. मी कपाळावर हात मारला.

आईला विचारलं तर तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या मजल्यावर विरजण मागायला आलेल्या माणसाला नाही म्हणायची रीत नाही. वाटी घेऊन कुणी दारात आलं की चमचाभर दही द्यायचं, मग आदल्या दिवशी त्याच्याशी नळावर भांडण झालेलं का असेना. आईचं म्हणणं, चमचाभर विरजण दिलं तर आपलं दही थोडंच कमी होतं? वायफायचंही तिनं तसंच धरलं होतं. त्यात समोरच्या खोलीतल्या बाईची मुलगी आखातात, तिला नुकतंच बाळ झालेलं. ती बाई रोज दुपारी आमच्या वायफायवर नातवाचं तोंड बघत होती. तिच्यामुळेच आईनं हे दान सुरू केलं, आणि एकीला दिल्यावर बाकीच्यांना नाही कसं म्हणणार?

फिरतीवरच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, पासवर्ड चेंज करून टाक ना, विषय संपला. मलाही तेच वाटत होतं. मी ते आईला जरा चढ्या आवाजातच सांगितलं. सुनेची नोकरी जाईल ती काय विरजणानं परत येणार आहे, असंही बोलले. नोकरीवर बेतलंय हे तिला तोवर कुणी नीट सांगितलंच नव्हतं. ती उठली, पदर खोचला आणि चपला घालायला लागली. कुठे निघालीस, विचारलं तर म्हणाली, एकेकाच्या दारात जाऊन सांगते, आता वापरू नका म्हणून. तिचं तोंड इतकं एवढंसं झालं होतं की मला माझ्या आवाजाचा पश्चात्ताप झाला. आधी समोरच्याच दारात जावं लागणार होतं, बाळाच्या आजीकडे.

भावजय उंबऱ्यात आडवी आली. "दिलेलं परत मागायला जाऊ नका, आई. मी करते काहीतरी."

काय करणार, हे तिलाही तेव्हा ठाऊक नसावं. बाबांना जेवू घालून, भांडी आवरून रविवारी दुपारी ती खिडकीशी बसली. राउटरचं पान पुन्हा उघडलं आणि त्यातला एकेक कप्पा वाचायला लागली. न कळलेल्या शब्दाचा अर्थ दुसरीकडे शोधायची, मग पुढे जायची. मी शेजारी बसून नुसती चुळबुळ करत होते. तासाभरानं तिला पाहिजे ते सापडलं. राउटरवर पाहुण्यांसाठी म्हणून एक वेगळं वायफाय काढता येतं. लाइन एकच, पण दारं दोन. आणि पाहुण्यांच्या दारातून किती जाऊ द्यायचं ते आपण ठरवायचं. बाहेर कितीही गर्दी होऊ दे, ठरवल्यापेक्षा जास्त त्यांना मिळणार नाही आणि आपला वाटा आपल्याला राहणार.

एवढं तर पुस्तक वाचून कुणीही केलं असतं. पण तिनं पुढे जे केलं त्यानं मी थक्क झाले. घराच्या वायफायला तिनं नवं नाव आणि नवा पासवर्ड दिला. आणि जुनं नाव, चिकटपट्टीवरचा जुना पासवर्ड, दोन्ही जसंच्या तसं पाहुण्यांच्या वायफायला देऊन टाकलं. म्हणजे मजल्यावरचे सगळे फोन आपोआप त्या दुसऱ्या दारानं आत येणार. कुणाला काही सांगायला नको, कुणाकडून काही काढून घ्यायला नको. आईचा शब्द कुठेच खाली पडला नाही. हे तिला सुचलं कसं, असं मी विचारलं तर म्हणाली, आईंना बाहेर जायला लागू नये एवढंच डोक्यात होतं.

मग चाचण्या. मला फोन देऊन गॅलरीत बसवलं आणि मोठे व्हिडिओ लावायला सांगितलं. तिनं आतून मैत्रिणीला जोडलं. अडकलं. पाहुण्यांचा वाटा थोडा कमी केला, पुन्हा बघितलं. आणखी थोडा कमी केला. समोरच्या बाईला मुद्दाम विचारून आली, बाळ नीट दिसतंय ना? दिसत होतं. तिथे ती थांबली. मॅच बघणाऱ्यांचं चित्र जरा धूसर झालं असेल, त्याला तिचा इलाज नव्हता. संध्याकाळी मैत्रीण तासभर बोलत होती आणि एकदाही अडकली नाही. माझ्या नाकावर राग असतो, तोंड चालतं, हे मला माहीत आहे. तिच्यासारखं शांत डोकं मला एका दिवसापुरतं मिळालं तरी मी आनंदानं घेईन.

नोकरी राहिली, हेही सांगून टाकते. सोमवारचा दिवस पार पडला, लाइन एकदाही तुटली नाही, आणि त्या आठवड्यातच कंपनीनं घरून काम मंजूर केलं. पण मला त्या सोमवारचं आठवतं ते वेगळंच.

मी बाबांसाठी रजा घेऊन आले होते. आईनं सकाळीच दोन्ही वेळचा स्वयंपाक उरकला, डबे बाहेरच्या खोलीत आणून ठेवले, थर्मास भरला, आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. आत भावजय कानाला हेडफोन लावून बसली. आई दाराबाहेर चटईवर. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती दिवसाउजेडी स्वयंपाकघराबाहेर इतका वेळ कधी बसली नसेल. हाताला काम नसल्यामुळे ती नुसती पदराचं टोक सारखं करत होती.

दुपारी बाबांना चहा हवा झाला. थर्मास संपलेला. आजारपणानं त्यांचा स्वभाव हट्टी झालाय, त्यांनी चहाचा धोशाच लावला. मी आईला म्हटलं, मी हळूच आत जाऊन गॅसवर ठेवते, तिला कळणारही नाही. मी दाराला हात लावला तर आईनं माझं मनगट धरलं आणि मला मागे ओढलं. मग ती उठून गॅलरीत गेली, समोरच्या दारात उभी राहिली.

माझ्या आईनं कुणाच्या दारात जाऊन काही मागितलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मीठ संपलं तर ती अळणी जेवेल, अशातली बाई. मी दारातून बघत राहिले.

"वायच चाय देतस काय गो?" आई म्हणाली.

समोरची बाई बावरली. गॅस संपला की काय, म्हणून तिनं विचारलं.

"गॅस आसा," आई म्हणाली. "माजी सून कामावर आसा."

हे सांगताना तिनं हात लांब करून आमच्या स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बोट दाखवलं. मला रडू आवरेना.