धुण्याच्या दगडाले शेंदूर

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते चुलीतल्या राखेसारखे आपोआप साचतात. नातवंडं म्हणतात, आजी, खोदकामवाले आले होते तवाची गोष्ट सांग. एक उकरली की तिच्यामागून दुसरी निघते.

तं कन्हानच्या काठी एक टेकाड होतं. टेकाडावर एक म्हातारी राहे, ते मी. तिले एक लेक भगवान, एक सून निर्मला, अन् भिंतीले भिंत लागून एक शेजारीण जनाबाई. निर्मलाचं मागणं एकच, पावसाळ्याआधी विटांचं घर व्हावं. भगवाननं मातीचं घर पाडलं, आम्ही ताडपत्रीखाली आलो, अन् नेमकी तवाच नागपूरची एक मॅडम नदीच्या अंगाले तंबू ठोकून खोदायले बसली.

टपरीवर लगेच बातमी. जुनं काही सापडलं की सरकार तार ओढते, अन् तारेच्या आतलं घर गेलं समजा. कोणाचं गेलं, कुठं गेलं, कोणाले माहीत नाही. पण तवापासून आम्ही मॅडमले हात जोडायचो अन् डोळा तिच्या पिशवीवर ठेवायचो.

*

मॅडम पहिल्यांदा आली ते पाणी प्यायले. मी धुणं धूत होती. तिची नजर माझ्याकडे नाही, दगडाकडे. त्याच्या कडेले कमळाच्या पाकळ्या कोरल्या आहेत. आमच्या साड्यांनी घासून अर्ध्या गेल्या, तरी दिसतात.

"आजी, हा दगड कुठला?"

"माह्या सासूचा."

"त्यांच्या आधी?"

"तिच्या सासूचा."

मॅडम हसली. मी नाही हसली. हसणारं माणूस काय नेईल, सांगता येत नाही.

*

खड्ड्यातून रोज काहीतरी निघे. मातीचा दिवा निघाला, मॅडम म्हणे पूजेचा असावा. मातीची बाई निघाली, ते पूजेची. गाडग्यात जळके तांदूळ निघाले, तेही पूजेचे. हजार-बाराशे वर्षांमागं इथं गाव होतं म्हणे, अन् नदीले लई मानत होतं.

निर्मला पदर खोचून उभी होती. म्हणाली, "मॅडम, मंग त्या गावात सैपाक कोन करे?"

घरी येताना जनाबाई म्हणाली, "पाह्य वं, सगळं पूजेचंच सांगून राहिली. सोन्याचं नाव घेत नाही. काहून घेत नसंल?"

*

एक दिवस मॅडम सामान आणायले नागपूरले, सीताबर्डीच्या बाजारात गेली, अन् जनाबाईले अक्कल सुचली. "धोंडा उचलता येते, देव कोन उचलंल?"

बस. दुपारभर घरांची सारी ओळ शेंदूर लावत बसली. माझा धुण्याचा दगड, जनाबाईचा पाटा, कोणाची जात्याची तळी. एकानं तं म्हशीच्या खुंट्याले लावला. दुकानातला शेंदूर सरला तवा लोक थांबले.

मॅडम परत आली अन् जागीच उभी राहिली. मंग दारोदार फिरून देवांची नावं पुसत बसली. आम्ही नावं ठरवलीच नव्हती! मी म्हटलं, धुणाई. जनाबाईनं पाटामाय सांगितलं. खुंटेवाला गडबडला, म्हणे, "याचं नाव घेत नसतात."

मॅडमनं सगळ्यात जास्त फोटो त्याच्याच देवाचे काढले.

*

आता देवावर धुणं कसं धुवायचं? निर्मला पाटी डोक्यावर घेऊन नदीवर जाऊ लागली, अन् जाताना माझ्याकडं असं पाहे की मी नजर खाली घालो.

एका सकाळी पाहतो तं जनाबाई धुणाईपुढं नारळ ठेवून बसलेली. जावयाची बदली खापरखेड्याले व्हावी म्हणून.

"अवं, आपनच तं लावला शेंदूर."

"लावला आपन," जनाबाई म्हणाली. "पन बसलं कोन, ते तुले माहीत हाय का?"

*

मंग व्हायचं तेच झालं. भगवान घराचा पाया खोदत होता अन् तळाशी गाडगं निघालं, पालथं घातलेलं. त्याच्याखाली एक दिवा. भगवाननं काम थांबवलं, वरून काटक्यांचा फाटा टाकला अन् बोट ओठावर ठेवलं. आठ दिवस घराबाहेर शब्द गेला नाही. आभाळ मात्र भरून यायले लागलं.

शेवटी निर्मलानंच तोंड उघडलं. "पाऊस आला तं चूल काय धुनाईच्या डोक्यावर मांडू?" म्हणाली, अन् मॅडमले घेऊन आली. मी खड्ड्याच्या कडेले पाय सोडून बसली, उठलीच नाही. मॅडम माझ्याच बाजूले बसली.

"आजी, कोणीतरी घर बांधताना हे ठेवलं होतं. घर टिकावं म्हणून."

"मंग कुठं हाय त्याचं घर?"

मॅडमनं टेप काढला. मोजमाप घेतलं, गाडगं कापसात गुंडाळून नेलं. म्हणाली, वरच्या लोकांना कळवावं लागेल, तोवर पाया भरू नका.

त्या रात्री कोणी जेवलं नाही. भगवान म्हणाला, "आता ओढतीन तार."

*

तार नाही आली, सरकारचा कागद आला. राहत्या घराले हात लावायचा नाही, बांधा म्हणून. भगवाननं तो मास्तराकडून वाचून घेतला, मंग दुसऱ्याकडून, मंग तिसऱ्याकडून.

पाया भरताना निर्मलानं नवं गाडगं आणलं, खाली दिवा ठेवला अन् त्याच जागी पालथं घातलं.

"तुले कोनं सांगतलं वं?" मी पुसलं.

"कोन सांगंल? जागा रिकामी दिसत होती."

*

घरभरणीले मॅडम आली, काठाची साडी नेसून. घराकडं न जाता सरळ धुणाईपुढं गेली, चपला काढल्या अन् पिशवीतून नारळ काढला. जनाबाईनं मले कोपरानं ढोसलं. "सांगू का हिले, कसा बसला देव?" मी तिचा पाय दाबला.

"मॅडम, नारळ कशाचा?"

"नवस बोलले होते, आजी. त्या दिवशी, गाडगं घेऊन जाताना."

"काय मागतलं?"

मॅडमनं नारळ फोडला, पाणी दगडावर सांडलं. "तुमचं घर," म्हणाली.

निर्मला आता विटांच्या घरात ओट्यावर सैपाक करते. धुणं मात्र अजून कन्हानवरच नेते.