एव्हरिलची खोली

आधाराची गरज असलेल्यांसाठीच्या, गोर गावातल्या त्या घराचा एक नियम होता. नवं माणूस राहायला घ्यायचं तर आधी त्याला चहाला बोलवायचं आणि राहणाऱ्या दोघांनीही हो म्हटलं तरच खोली द्यायची. घर चालवणारे साहेबलोक कितीही शहाणे असोत, त्यांना मत नाही. मदतीला येणारी लोसासुद्धा चहा ओतून गप्प बसायची.

रिकामी खोली एव्हरिलला मिळावी म्हणून नोलीनचा जीव तुटत होता. डोक्यानं मंद म्हणत दोघींना लहानपणीच संस्थेत टाकलेलं. खाटेला खाट लावून दोघींची उमेदीची वर्षं तिथंच गेली. संस्था बंद पडल्यावर नोलीनला हे घर मिळालं. एव्हरिल मात्र लोक जिथं ठेवतील तिथं राहिली.

दुसरा राहणारा क्लाइव्ह. आईच्या लाडात वाढलेला, नाकावर माशी बसू न देणारा. एव्हरिलनं चहाला आल्या आल्या चीज रोलवर झडप घातली. दोन तोंडात, बाकीचे खिशात, त्यात क्लाइव्हच्या बशीतलाही गेला.

"माझा होता तो!" क्लाइव्ह उठलाच. "माझ्याकडून हिला नाही. संपलं."

"अरे, तिथं संस्थेत भराभर खाल्लं नाही तर दुसरी पळवायची," नोलीन म्हणाली. "मीपण आले तेव्हा अशीच होते."

"माझा नाही कधी पळवलास."

"तू तेव्हा इथं नव्हतास, म्हणून वाचलास!"

लोसानं हसू कपात लपवलं. नोलीनला मात्र रडू फुटलं. "मी घाबरले की हीच हात धरायची रे माझा."

क्लाइव्ह गडबडला. रडणं त्याला बघवत नसे. तो एव्हरिलकडे वळला. "काय गं, तुला राहायचंय का इथं?"

हे तिला विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आजच नव्हे, जन्मात कधी नाही.

"आधी खोली बघू," एव्हरिल म्हणाली.

ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कडी लागली. निघाली. पुन्हा लागली. संस्थेत एकाही दाराला आतून कडी नव्हती, न्हाणीघरालाही नाही. नोलीन तिथलं ते सगळं आठवत बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

बराच वेळ झाला. कडी निघाल्याचा आवाज आला तसा क्लाइव्हनं दार ढकललं.

"वाजव आधी!" एव्हरिल आतून ओरडली.

क्लाइव्ह चपापला. त्यानं दार ओढून घेतलं आणि हळूच टकटक केली. "क्लाइव्ह आहे. येऊ का?"

"थांब जरा."

"सावकाश," क्लाइव्ह म्हणाला. "तुझीच खोली आहे."