शालनमावशीचा खड्डा

शालनमावशी गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. 'सफाई कर्मचारी शालनबाई यांचे दुःखद निधन.' आडनाव नाही, फोटो नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग. रडू नंतर आलं, आधी संताप आला.

सांगलीच्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पण ओला कचरा कुजतो कसा हे मला मावशीनं दाखवलं. ती मूळची कुंडलची. वसतिगृहाच्या खानावळीमागे तिनं स्वतः खड्डा खणला होता. उरलेला भात, भाजीची देठं, वाळका पाला, वर मातीचा थर... मग हात घालून ऊब बघायची. "बगा म्याडम, गरम हाय. आत काम चाललंय," म्हणायची. आवारातली जास्वंद त्याच खतावर फुलायची. पोरांनी एका पिशवीत कोंबलेलं सगळं ती निवडत बसायची आणि निवडताना त्यांना फैलावर घ्यायची. "एवढं शिकून सालपट कुठं टाकावं ह्ये कळंना व्हय रं तुमास्नी?"

मग तपासणी समिती येणार असं ठरलं. 'हरित परिसर' दाखवायचा होता, आणि त्यासाठी मावशीचा खड्डाच बुजवला! वास येतो म्हणे. वर मुरूम टाकला, मुरमावर कुठून तरी मागून आणलेल्या कुंड्या मांडल्या. रंगीत डबे आले, पण समिती जाईपर्यंत त्यांत कचरा टाकायला बंदी. मावशीनं टाकला, तर पर्यवेक्षकानं तिलाच झापलं.

दुसऱ्या दिवशी ती भाताची बादली घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "म्याडम, समदं एकाच गाडीत घाला म्हनत्यात. निवडल्यालं परत कालवू व्हय? तुमी बोला की सायबास्नी."

"बोलते," म्हटलं. नाही बोलले. माझा बढतीचा अर्ज प्राचार्यांच्या टेबलावर होता... इतरांवर एवढी चिडते आहे, पण आधी माझीच लाज वाटते. समिती खूश होऊन गेली, खड्डा काही परत उघडला नाही. मावशी निमूटपणे कालवत राहिली आणि काही महिन्यांतच काविळीनं गेली.

शोकसभेत प्राचार्य तिच्या सेवाभावावर भरभरून बोलले. मग पोहे आले, चहा आला. उरलेले पोहे, कागदी कप, प्लॅस्टिकचे चमचे, सगळं एकाच डब्यात. मला राहवेना. तिथेच फरशीवर डबा उपडा केला आणि खाली बसून निवडायला लागले.

"मॅडम, अहो, राहू द्या," प्राचार्य सवयीनं म्हणाले, "शालनमावशी करतील ते."

मी हातातला चमचा बाजूला ठेवला.

"त्या यायच्या नाहीत आता," मी म्हणाले. "बसा खाली, सर."