पंगत उठेना

सिंगापूरला, यिशुनच्या आमच्या फ्लॅटमध्ये गणपतीला संध्याकाळची पंगत बसायची. त्या वर्षी पंगतीत एक कॅनेडियन होता. मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर, तो तिथला सेफ्टी सुपरवायझर. त्याआधी आठ सीझन तो कॅनडात व्यावसायिक फुटबॉल खेळला होता, लंबगोल चेंडूचा. त्याची जागा बचावाच्या पहिल्या रांगेत. चेंडूपासून एक यार्ड मागे, हात जमिनीला टेकवून वाकायचं, आणि चेंडू हलला की समोरच्या सव्वाशे किलोंच्या माणसावर तुटून पडायचं. अमेरिकेतल्या खेळात दोन रांगांमधे इतकी जागा नसते, हे त्यानं मला कितीदा तरी सांगितलं होतं.

गुडघ्यापायी क्लबनं त्याला सोडून दोन वर्षं झाली होती. आता ऐन सीझनमध्ये दोघे जखमी झाले, म्हणून त्याला चाचणीला बोलावलं. दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. गुडघा बरा झालाय, असं तो यार्डात सांगे. तिथे त्याला वाकावं लागत नसे, त्यामुळे मलाही ते खरं वाटलं.

बायकोनं त्याच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ती सारून तो भिंतीला धरत पाटावर बसला आणि पोटभर जेवला.

आमच्याकडे पाहुणा उठल्याशिवाय पंगत उठत नाही. हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. त्याचं पान रिकामं झालं, आम्ही थांबलो. त्यानं एक मोदक मागितला. मग आणखी एक. आमचे हात वाळले. बायको माझ्याकडे बघायला लागली.

"अंकल, फिनिश आलरेडी, गेट अप लाह," माझी मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली.

तो हसला. त्यानं हात जमिनीला टेकवला, खेळात टेकवायचा तसाच, आणि कंबर उचलली. गुडघा वाजलेला मला ऐकू आला. तो पुन्हा पाटावर बसला.

"तुम्ही उठा," तो पानाकडे बघत इंग्रजीत म्हणाला. "मला जमणार नाही."

मी आणि बायकोनं काखेत हात घालून त्याला उभं केलं. हात धुतल्यावर त्यानं फोन मागितला. कॅनडात तेव्हा सकाळ होती. आमच्याकडे पाठ करून त्यानं क्लबला सांगितलं, गुडघा वाकत नाही, दुसरा कुणी बघा. पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "पुढच्या महिन्यातही नाही," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी बायकोनं पानं टेबलावर मांडली. तो आला, जेवला. पान रिकामं होताच टेबलाला धरून उठला.